शब्द नसलेल्या सुरावटीला अर्थ असतो का? वक्तृत्वाच्या वर्गात निघालेला एक प्रश्न

खानापूरची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी आठवी-नववीला भाषा शिकवते आणि शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तासभर वक्तृत्वाचा वर्ग घेते. वर्गात 22 मुले आहेत. आपल्या भागात गणेशोत्सवापासून शिवजयंतीपर्यंत वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही आणि मुले हौसेने भागही घेतात; परंतु गेली काही वर्षे मला एक गोष्ट सलत आहे. विषय कोणताही असो, 'सन्माननीय व्यासपीठ' या शब्दांपासून अखेरच्या 'जय हिंद'पर्यंत मुले संपूर्ण भाषण एकाच चालीत म्हणतात. वाक्याची सुरुवात खालून होते, मधल्या एखाद्या शब्दावर जोर पडतो आणि शेवटचा शब्द वर उचलला जातो. आजीची आठवण सांगायची असो, पाणीटंचाई असो की संभाजी महाराजांचे बलिदान असो, चाल बदलत नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर शब्दांच्या आधी ही चाल पडते आणि ती प्रत्येक वेळी एवढेच सांगते, की हे पाठ केलेले आहे.

ही चाल मोडावी म्हणून मागच्या महिन्यात मी एक प्रयोग केला. शब्द नसलेल्या संगीताचे तीन तुकडे मुलांना ऐकवले: बासरीवरची संथ आलापी, कुस्तीच्या मैदानातली हलगी आणि सनई. प्रत्येक तुकडा दोनदा ऐकायचा, पाच मिनिटे शांत बसायचे आणि मग तो तुकडा आपल्याला काय सांगत होता यावर दोन मिनिटे बोलायचे, असे ठरले. पाठ केलेले काहीच हाताशी नसल्यामुळे मुले अडखळली, थांबली, शब्द शोधू लागली, आणि त्या अडखळण्यातच त्यांचा खरा आवाज मला प्रथमच ऐकू आला. तेवढ्यापुरता प्रयोग साधला, असे मी मानते.

अडचण पुढे आली. बासरीच्या तुकड्यावर एका मुलाने चोर्ला घाटातल्या धुक्याबद्दल सांगितले, दुसऱ्याने मुंबईला कामाला गेलेल्या वडिलांची वाट पाहणाऱ्या आईबद्दल, तर तिसऱ्या मुलीने देवळात एकटीच बसलेल्या म्हातारीबद्दल. शेवटी एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी कन्नड बोलतात आणि ती शाळेत मराठी शिकते, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत ती इतरांपेक्षा अधिक सावध असते. तिने विचारले, "बाई, प्रत्येकाला वेगळं ऐकू आलं. मग त्या बासरीत अर्थ होता, की तो आम्हीच घातला?"

मी तिला पुढच्या शनिवारी उत्तर देते म्हणून सांगितले, आणि त्याला आता तीन शनिवार झाले. 'संगीत ही विश्वाची भाषा आहे' हे वाक्य मुलांच्या निबंधांत नेहमी येते, पण त्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ती जर भाषा असेल, तर 22 जणांना 22 अर्थ लागणारी ती कसली भाषा? संगीत आणि बोलणे या दोन्हींशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. पुढच्या तासांना वर्गात नेमके काय करून पाहता येईल, हेही कोणी सुचवले तर मला हवे आहे.

पेटीमास्तर, शहापूर

बाई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचल्यावर मी दोन दिवस त्यावरच विचार करत होतो. मी शहापुरात पेटी शिकवतो आणि सप्ताहाच्या दिवसांत आसपासच्या गावांतील भजनी मंडळांना साथ करतो. शास्त्राचा माझा अभ्यास मर्यादित आहे, त्यामुळे हाताने करून पाहिलेलेच सांगतो.

मुलांनी ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहा. धुके, वाट पाहणारी आई, एकटी म्हातारी. प्रसंग वेगळे आहेत हे खरे, परंतु कोणी लग्नाच्या वरातीबद्दल बोलले का? कुस्ती, बैलांची शर्यत, बाजार यांपैकी काही कोणाला आठवले का? तिन्ही चित्रांत हालचाल संथ आहे, माणसे थोडी आहेत आणि काहीतरी अजून यायचे राहिले आहे. बासरीने प्रसंग सांगितला नाही, पण प्रसंगाची चाल सांगितली, आणि ती सगळ्यांना सारखीच ऐकू आली. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर संगीताकडे नामे नाहीत. 'आई', 'धुके', 'देऊळ' हे शब्द ते उच्चारू शकत नाही. त्याच्याकडे क्रियाविशेषणे मात्र भरपूर आहेत: हळूहळू, अचानक, पुन्हा पुन्हा, अडखळत, ठामपणे. कोण आणि कुठे हे ऐकणाऱ्याने आपल्या गाठीचे घातले. कसे, ते बासरीने दिले.

हे मुलांना पटवण्यासाठी वर्गात पेटी न्या. सा रे ग म प ध नी असे एकेक स्वर सावकाश वाजवा, नीवर थांबा आणि हात काढून घ्या. काही सांगू नका. ज्या मुलाने आयुष्यात कधी गाणे शिकलेले नाही, त्यालाही ते अर्धवट वाटेल, आणि कोणीतरी तोंडातल्या तोंडात वरचा सा म्हणून टाकेल. त्यानंतर मुलांना विचारा, की नीचा अर्थ काय. एकट्या नीला अर्थ नाही. सा अगदी शेजारी असताना आपण नीवर थांबलो, याला अर्थ आहे. तबल्यातील तिहाई याच तत्त्वावर चालते. एकच तुकडा तीनदा वाजतो आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. पहिल्या दोन वेळा ऐकताना श्रोत्याला पुढचे कळलेले असते, म्हणून सम आली की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. त्या माना कोणी हलवायला सांगितलेल्या नसतात.

आता बोलण्याकडे येतो, कारण आपला वर्ग बोलण्याचा आहे. एका मुलाला 'आलास' हा एकच शब्द चार प्रकारे म्हणायला सांगा: प्रश्न म्हणून, नुसती नोंद म्हणून, फार वेळ वाट पाहिल्यानंतर, आणि नको असताना आलेल्या माणसाला. प्रत्येक वेळी तो शब्द कोणत्या स्वरावर सुरू होतो आणि कोणत्या स्वरावर संपतो, हे पेटीवर शोधा. बोलण्यातील स्वर एका जागी उभा राहत नाही, तो मींडेसारखा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता, सरकतो, आणि पेटीला मींड येत नाही. तरीही सुरुवात आणि शेवट अंदाजाने सापडतात. मी माझ्या विद्यार्थ्यांबरोबर हे केले तेव्हा प्रश्नातला 'आलास' वर चढून उघडा राहिला, नोंदीतला खाली येऊन बसला, आणि नको असलेल्या पाहुण्याचा तर जवळजवळ एकाच पट्टीवर सपाट निघाला. शब्द तोच, अक्षरे तीच, मात्र चारही वेळा अर्थ वेगळा झाला, आणि तो फरक केवळ सुराने आणि लयीने केला. याला आपण मराठीत 'हेल' म्हणतो. बेळगावच्या माणसाचा हेल पुण्यात दोन वाक्यांत ओळखू येतो, म्हणजे तो हेलही काहीतरी सांगतच असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अमुक स्वर म्हणजे दुःख, तमुक स्वर म्हणजे आनंद असा तक्ता कोणी आपल्याला दिला, तर तो वर्गात लावू नये. कोमल गांधार करुण असतो असे सर्रास म्हणतात, परंतु काफी रागात गांधार आणि निषाद (ग आणि नी) दोन्ही कोमल असतात आणि होरी, म्हणजे होळीचे गाणे, काफीत रंगते. स्वराचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवर, लयीवर आणि त्याच्यावर किती वेळ थांबले यावर ठरतो.

निपाणीकर

पेटीमास्तरांच्या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु सवयीचा वाटा त्यांनी फारच कमी धरला, असे मला वाटते. सनई ऐकली की आपल्याला मांडव दिसतो, तो सनईच्या आवाजात नाही. आपण लहानपणापासून मांडवात सनई ऐकली म्हणून दिसतो. मैफलीच्या शेवटी भैरवी गायची पद्धत आहे, म्हणून भैरवीचे पहिले सूर लागताच आपल्याला निरोपाची जाणीव होते; वास्तविक समयचक्रात भैरवी हा सकाळचा राग आहे. बाईंच्या वर्गातील मुलांना हलगी ऐकून कुस्ती आठवली असेल, यात शंका नाही. पण तीच हलगी आमच्याकडे जत्रेत वाजते आणि काही समाजांत अंत्ययात्रेपुढेही वाजते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगणे योग्य होईल. बाल्कविल आणि थॉम्पसन या कॅनडातील अभ्यासकांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, हिंदुस्थानी संगीताची ओळख नसलेल्या 30 पाश्चात्त्य श्रोत्यांना रागसंगीताचे 12 तुकडे ऐकवले होते. आनंद, दुःख आणि क्रोध या तीन भावना त्यांना बऱ्यापैकी ओळखता आल्या. शांत भाव मात्र ओळखता आला नाही. जलद लय आणि साधी सुरावट त्यांना आनंदी वाटली, संथ लय आणि गुंतागुंतीची सुरावट दुःखी वाटली. म्हणजे काही अर्थ परक्या कानालाही पोहोचतो आणि काही अर्थासाठी त्या घरातच वाढावे लागते. मुलीला उत्तर देताना हे दोन्ही भाग वेगळे करून सांगावेत, अशी माझी विनंती आहे.

टाळकरी

निपाणीकरांनी हलगीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मैदानातली हलगी आणि अंत्ययात्रेतली हलगी हे वाद्य एकच असले, तरी वाजवणे एक नसते. मैदानात पैलवानांची पकड जसजशी घट्ट होते, तसतशी हलगीची घाई वाढत जाते आणि कुस्ती चितपट झाली की ती एकदम मोकळी होते. आंधळ्या माणसाला कडेला बसवले तरी त्याला कुस्ती कुठवर आली हे हलगीवरून कळेल. ही केवळ सवय नाही. दम वाढतो तसा ताल वाढतो.

मी वारकरी घरातला आहे आणि नारदीय कीर्तनेही पुष्कळ ऐकली आहेत. वक्तृत्वाच्या वर्गाला कीर्तनाइतका जवळचा नमुना दुसरा नसावा, कारण तिथे एकाच माणसाच्या तोंडी बोलणे आणि गाणे यांची ये-जा सतत चालू असते. पूर्वरंगात बुवा अभंगाचे निरूपण करतात तेव्हा आवाज बोलण्याचा असतो. उत्तररंगात आख्यान सुरू झाले, की आर्या, साकी, दिंडी, कटाव अशी गाण्याच्या वृत्तांची वळणे येऊ लागतात. लढाईच्या किंवा धावपळीच्या वर्णनाला कटाव घेतला जातो, कारण त्यात शब्द एकमेकांच्या पाठीवर धावतात. चांगला कीर्तनकार बोलता बोलता नेमक्या कोणत्या शब्दावर गाण्यात शिरतो, तिकडे मुलांचे लक्ष वेधावे. माझ्या अनुभवाप्रमाणे जिथे साध्या बोलण्याला भाव पेलेनासा होतो, तिथेच तो शिरतो. आणि गाणे थांबवून पुन्हा साध्या आवाजात एकच वाक्य बोलतो, तेव्हा मंडपात जी शांतता होते, ती गाण्याने तयार केलेली असते.

आणखी एक उदाहरण पोवाड्याचे आहे. शाहिराने ओळ टाकली की मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात. त्या अक्षरांना कोशातला अर्थ फारसा नाही. तरीही ती काढून टाकली, तर पोवाडा पांगळा होतो, कारण 'आम्ही ऐकतो आहोत, पुढे सांगा, हे खरे आहे' एवढे सगळे त्या चार अक्षरांच्या सुरात आणि ठोक्यात आहे. बाईंनी एका मुलाला भाषण करायला उभे करावे आणि चौघांना मागे झील धरायला लावावी. झील कुठे घालायची हे कळण्यासाठी वक्त्याला आपले वाक्य कुठे पुरे होते, हे ठरवावे लागेल, आणि आपण म्हणता ती शेवटचा शब्द वर उचलण्याची चाल तिथेच अडेल. उघड्या टोकाच्या वाक्यावर झील बसत नाही.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी

या चर्चेत जे मुद्दे अनुभवातून आले आहेत, त्यांपैकी बरेचसे आपल्या जुन्या शास्त्रकारांनी स्पष्ट शब्दांत मांडून ठेवले आहेत, आणि वक्तृत्वाच्या शिक्षकाला त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होण्यासारखा आहे.

भरतांच्या नाट्यशास्त्रात नटाने वाक्य कसे म्हणावे याचा विचार 'पाठ्यगुण' या नावाने येतो. तिथे सात स्वर, तीन स्थाने, चार वर्ण (म्हणजे उच्चारातले चढउतार), दोन प्रकारची काकू (म्हणजे अर्थानुसार बदलणारा आवाजाचा हेल), सहा अलंकार आणि सहा अंगे सांगितली आहेत. आज आपण ज्यांना केवळ गायनाचे म्हणतो ते सात स्वर भरतांनी बोलण्याच्या गुणांत पहिले मोजले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. कोणत्या रसाला कोणते स्वर, हेही ते सांगतात: हास्य आणि शृंगार यांना मध्यम-पंचम, वीर, रौद्र आणि अद्भुत यांना षड्ज-ऋषभ, करुणाला गांधार-निषाद, बीभत्स आणि भयानक यांना धैवत. भरतांचे स्वर आजच्या पेटीवरील स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे पेटीमास्तरांनी दिलेला इशारा योग्यच आहे. हा तक्ता जशाच्या तसा वापरू नये.

वापरण्यासारखा भाग पुढे आहे. काकू दोन प्रकारची असते, साकांक्ष आणि निराकांक्ष. ज्या वाक्याचा अर्थ अजून पुरा झालेला नाही, ज्याला पुढच्याची अपेक्षा आहे, ते साकांक्ष. ज्याचा अर्थ पुरा झाला, ते निराकांक्ष. आणि दोहोंचा उच्चार वेगळा. पेटीमास्तरांनी नी आणि सा यांच्या साहाय्याने जे दाखवले, त्याचेच हे बोलण्यातील रूप आहे. बाईंच्या विद्यार्थ्यांच्या चालीतला दोष या परिभाषेत एका वाक्यात सांगता येतो: त्यांची सर्वच वाक्ये साकांक्ष आहेत. प्रत्येक वाक्य पुढच्याची आशा दाखवते आणि एकही वाक्य ती पुरी करत नाही, म्हणून श्रोता थकतो.

तीन स्थाने म्हणजे उर, कंठ आणि शिर. जवळच्या माणसाशी उरातल्या आवाजात, थोड्या अंतरावरच्याशी कंठातल्या आणि दूरच्याला हाक मारताना शिरातल्या आवाजात बोलावे, असे भरत सांगतात. आपल्या शालेय स्पर्धांत ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि मूल मात्र शेताच्या पलीकडच्या बांधावरील माणसाला हाक मारावी तसे शिरस्थानातून बोलते. श्रोत्याला त्यातून शब्दांआधी हे कळते, की हा वक्ता माझ्याशी बोलत नाही, माझ्यापेक्षा फार दूर असलेल्या कोणाशी तरी बोलतो आहे. सहा अलंकारांत उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित यांची गणना आहे. भांडणाला दीप्त, खिन्नतेला आणि चिंतेला मंद्र, घाईला आणि भीतीला द्रुत, विचार करत बोलण्याला विलंबित असे त्यांचे विनियोग आहेत. अंगांपैकी पहिले अंग 'विच्छेद' हे विरामाचे आहे, आणि अर्थ विरामावर अवलंबून असल्यामुळे तिथे विशेष प्रयत्न करावा, असेही सांगितले आहे.

मुलीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र मी आनंदवर्धनांकडे शोधीन. नवव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने ध्वनीचा, म्हणजे काव्यातल्या सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धान्त मांडताना एक अडचण सोडवली आहे. शब्दाला वाच्य, म्हणजे सरळ अर्थ असतो, तो जुळेनासा झाला की लक्षणेने त्यातून लक्ष्य अर्थ निघतो, आणि या दोन्हींपलीकडे व्यंग्य, म्हणजे सुचवलेला अर्थ असतो. तिसरी शक्ती खरोखर स्वतंत्र आहे, हे कशावरून मानायचे? त्यांनी दिलेल्या दाखल्यांपैकी एक गीताच्या नादाचा आहे. नुसत्या सुरांना वाच्यार्थ नाही, त्यामुळे लक्षणाही नाही, आणि तरी त्यांतून रसाची प्रतीती होते. म्हणजे सांगितल्यावाचून सुचवण्याची शक्ती वाच्यार्थाच्या आधाराशिवायही उभी राहू शकते. आपल्या विद्यार्थिनीने 'अर्थ होता की आम्ही घातला' असे दोनच पर्याय ठेवले आहेत. व्यंजनेत, म्हणजे या सुचवण्याच्या शक्तीत, तिसरा पर्याय असतो: अर्थ सुचवला गेला, आणि सुचवलेला अर्थ पुरा व्हायला ऐकणारा लागतो. निपाणीकरांची सवय आणि टाळकऱ्यांचा दम, या दोघांनाही त्यात जागा आहे.

बैलहोंगलची लेक

माझे माहेर कन्नड आणि सासर बेळगावातले मराठी आहे, म्हणून त्या मुलीच्या बाजूने थोडे लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा मला मराठी समजत नव्हते. पहाटे सासूबाई जात्यावर ओवी म्हणायच्या. शब्द कळत नसत, पण ती दळणाची ओवी आहे हे पहिल्याच दिवशी कळले, कारण माझी आजी जात्यावर 'बीसुकल्लिन पद' म्हणायची आणि दोन्हींत हाताच्या फेऱ्याबरोबर ओळ पुढे सरकायची, दोन्हींत ओळीच्या शेवटी श्वास सोडलेला ऐकू यायचा. आमची ती गाणी त्रिपदीत असतात, इकडची ओवी साडेतीन चरणांची. वृत्त वेगळे, भाषा वेगळी, जाते मात्र सारखेच जड. सासूबाई कुठल्या ओवीला माहेर आठवून गात आहेत आणि कुठल्या ओवीला देवाचे नाव घेत आहेत, हेही मला शब्द येण्याच्या आधी कळू लागले होते. पाळण्याचे 'जो जो' तर दोन्ही घरी एकच आहे.

आपल्या भागाने याचे मोठे दाखले पाहिले आहेत. गायक कुमार गंधर्वांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत, कन्नड घरात झाला, आणि त्यांनी मराठी नाट्यपदे, कबीर आणि माळव्याची लोकगीते गायली. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, आणि 1880 साली आलेल्या त्यांच्या 'शाकुंतला'त कानडी चालींवर बांधलेली पदे होती. शब्द मराठी झाले, चाल सीमा ओलांडून तशीच आली.

त्या मुलीला विचारावे, की मराठी नीट येत नव्हते तेव्हा बाई रागावल्या आहेत की कौतुक करत आहेत, हे तिला कशावरून कळत होते.

खानापूरची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्यानंतरचे दोन शनिवार मी यातले बरेचसे करून पाहिले, त्याचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या शनिवारी शाळेतली प्रार्थनेची पेटी वर्गात आणली. नीवर हात काढल्यावर काही क्षण कोणीच हलले नाही आणि मग मागच्या बाकावरून तिघांनी एकदम सा लावला. 'आलास'चा प्रयोग तर मुलांनी आपण होऊन वाढवला. आपल्याकडच्या बोलीतले 'काय करायलायस?' हे वाक्य आईचे, मित्राचे आणि शिक्षकांचे म्हणून तीन प्रकारे म्हणून दाखवले आणि बाकीच्यांनी डोळे मिटून कोण बोलते आहे ते ओळखले. मित्राचे आणि आईचे प्रत्येक वेळी ओळखले गेले. शिक्षकांचे दोनदा चुकले, कारण म्हणणाऱ्याने ते काळजीच्या सुरात म्हटले होते आणि मुलांनी ते आईच्या खात्यावर टाकले. ही चूक मला कोणत्याही बरोबर उत्तरापेक्षा अधिक बोलकी वाटली, आणि तिचा मी स्वतःच्या बोलण्याच्या संदर्भातही बराच विचार केला.

बासरीचा तुकडा पुन्हा ऐकवला, मात्र या वेळी प्रसंग सांगायचा नाही, केवळ तो कसा चालतो तेवढे सांगायचे, असे ठरवले. फळ्यावर जे शब्द आले ते असे: हळू, एकट्याने, थांबत थांबत, वर जाऊन परत खाली, संपत नाही. 'जोरात' किंवा 'घाईने' हे शब्द कोणीही दिले नाहीत. पेटीमास्तरांचे क्रियाविशेषणांचे म्हणणे मुलांनी न सांगता सिद्ध केले. त्यानंतर निपाणीकरांच्या सूचनेप्रमाणे सनईचा तुकडा घेऊन सनईत काय आहे आणि आपल्या आठवणीत काय आहे, अशा दोन उभ्या रकान्यांत शब्द वाटले. 'लग्न' हा शब्द कोणत्या रकान्यात घालावा यावर वर्गात वीस मिनिटे वाद झाला, आणि मी तो मिटवला नाही.

झीलकऱ्यांचा प्रयोग दुसऱ्या शनिवारी केला. टाळकरी यांनी लिहिले होते त्याप्रमाणेच झाले. पहिला मुलगा वाक्य वर उचलून सोडत होता आणि मागचे चौघे झील घालायला तोंड उघडून पुन्हा मिटत होते. चौथ्या वाक्याला त्याने स्वतःच शेवटचा शब्द खाली आणला, आणि झील बसली. ध्वनिक्षेपकासमोर उरातल्या आवाजात बोलणे मुलांना जड जाते आहे. हळू बोलले की कमी गुण मिळतील ही भीती खोलवर आहे आणि ती निघायला वेळ लागेल.

आता त्या मुलीबद्दल. बैलहोंगलच्या ताईंनी सुचवलेला प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, "पहिलीत असताना बाई नाव घेऊन थांबल्या की रागावल्या आहेत असं कळायचं, आणि नाव लांबवलं की चांगलं लिहिलंय." म्हणजे तिला विराम आणि विलंबित हे दोन्ही सहाव्या वर्षी येत होते. मग मी तिला प्राध्यापक सरांचा तिसरा पर्याय माझ्या शब्दांत सांगितला, की बासरीने अर्धे सांगितले आणि उरलेले अर्धे ऐकणाऱ्यावर सोपवले. तिने ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, की मग भाषणातही अर्धे सोपवायचे असते का. यावर वर्गाने उत्तर शोधावे, म्हणून मी तो प्रश्न फळ्यावर तसाच ठेवला आहे.

पुढच्या शनिवारी तिची आजी वर्गात येणार आहे. जाते शाळेत आणणे शक्य नाही, त्यामुळे मुलांनी भिंतीशी ठेवलेल्या दोन बाकांमध्ये आजींना बसायला जागा करायची आणि हाताच्या फेऱ्यासाठी पितळी परात घ्यायची, असे ठरले आहे. आजी कन्नड पदे म्हणतील, माझ्या वर्गातील एका मुलाची पणजी मराठी ओव्या म्हणेल, आणि कोणते पद कशाबद्दल आहे हे मुलांनी शब्द न विचारता आधी लिहून ठेवायचे आहे. पेटीमास्तरांना त्या दिवशी सवड असेल तर त्यांनी अवश्य यावे. दोन्ही आज्यांची पट्टी कोणती, हे काढायला वर्गात कोणी नाही.

पेटीमास्तर, शहापूर

बाई, शनिवारी सकाळी खानापूरची पहिली गाडी धरतो. पेटी माझीच आणतो, प्रार्थनेच्या पेट्यांचे भाते बहुधा सैल झालेले असतात. आज्यांना पट्टी आधी विचारू नका. त्यांना पहिले पद सहज म्हणू द्या, पट्टी मी मागून शोधून घेईन.